धावायला सुरुवात करतेय, पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?

गोदाकाठ | २८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वय ४३, नाशिक. शाळेत शिकवते म्हणजे दिवसभर पायावर उभी असते, पण तो काही व्यायाम नाही हे मार्चमधल्या रिपोर्टने सांगितलं, शुगर काठावर आलीये. डॉक्टर म्हणाले औषध आत्ता नको, चालायला लागा, जमलं तर हळूहळू पळा, ऑगस्टमध्ये परत तपासू. लेकीने बूट आणून दिले. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गेले, चार मिनिटांत धाप लागली आणि बाकावर बसले. एक आजी, साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, एका लयीत माझ्यासमोरून दोनदा गेल्या, दुसऱ्यांदा जाताना हसल्या पण.

मला काहीही शिकायचं तर आधी पुस्तक लागतं. व्हिडिओ पाहिले खूप, एक म्हणतो टाच आधी टेकवायची नाही, दुसरा म्हणतो टेकली तरी काही होत नाही, तिसरा बूटच विकतोय. मला पेन्सिल हातात घेऊन, खुणा करत, मागं जाऊन परत वाचायची सवय आहे. इंग्रजी वाचते पण सावकाश. दोन पुस्तकांपुरतं बजेट. मॅरेथॉन वगैरे डोक्यात नाही, अर्धा तास न थांबता पळता यावं एवढंच. सुचवा प्लीज.

रात्रपाळी | २८ मे, रात्री १०:१५

ताई, डोळे मिटून 'बॉर्न टू रन' घ्या, मॅकडूगलचं, २००९ चं आहे. लेखकाचा पाय दुखत असतो, डॉक्टर सांगतात पळणं सोड, आणि तो त्या शोधात मेक्सिकोतल्या दऱ्याखोऱ्यात राहणाऱ्या तारहुमारा लोकांपर्यंत जातो. मी एका रात्रीत संपवलं आणि सकाळी सहाला बूट शोधत होतो, हिंजवडीत राहून चार वर्षांत सहा वाजता उठलो नव्हतो. दुसरं मुराकामीचं, 'व्हॉट आय टॉक अबाऊट व्हेन आय टॉक अबाऊट रनिंग'. कादंबरीकार माणूस, तेहतिसाव्या वर्षी पळायला लागला, छोटंसं पुस्तक आहे, भाषा सोपी. हे दोन पुरेत.

वारणेचा | २८ मे, रात्री १०:५२

+१ मुराकामीला. वाखु (वाचनखूण) साठवली.

तळजाई | २९ मे, सकाळी ८:०५

आत्ताच टेकडीवरून आलो, चहा घेत लिहितोय, जरा लांबेल.

रात्रपाळी, तुमच्या दोन्ही पुस्तकांवर माझं प्रेम आहे, मुराकामी तर दर पावसाळ्यात परत काढतो. पण गोदाकाठताईंनी विचारलंय ते वेगळं आहे. त्यांना पळावंसं वाटतंय, त्या ट्रॅकवर जाऊन आल्यात, आता सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते त्यांना कुणी सांगायला हवंय. बॉर्न टू रन तुम्हाला घरातून बाहेर काढतं, मग मैदानावर पोचल्यावर किती मिनिटं पळू, कधी थांबू, उद्या परत येऊ की नको, हे त्यात सापडत नाही, कारण ते त्यासाठी लिहिलेलंच नाही.

ताई, मी ४८ व्या वर्षी सुरू केलं, आता ६२. बँकेतला माणूस, तक्त्यांवर फार विश्वास. तेव्हा दुकानात जे सगळ्यात जाडजूड आणि शास्त्रीय वाटलं ते पुस्तक उचललं, अनुभवी धावपटूंसाठीचं होतं, आणि त्यातला सगळ्यात सोपा तक्ता धरला. तो सोपा तक्ता आठवड्याला साठ-पासष्ट किलोमीटरपासून सुरू होत होता. मी तो निम्मा केला आणि मला वाटलं आपण फार सावध आहोत. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीवर एका बोटाएवढ्या जागेत दुखायला लागलं, दाबलं की डोळ्यात पाणी. तरी नऊ दिवस पळालो कारण तक्त्यात सुट्टी नव्हती. हाडाला बारीक चीर निघाली, दोन महिने घरी. पुस्तक उत्तम होतं, आजही माझ्या कपाटात आहे, दहा वर्षांनी त्याचा उपयोगही झाला. ते त्या वेळच्या माझ्यासाठी नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो. पुस्तक हातात घेतलं की प्रस्तावना सोडा, मागच्या पानावरची स्तुती सोडा, तक्त्याचा पहिला आठवडा शोधा. तो वाचून मनात 'अरे एवढंच?' असं आलं पाहिजे. आलं तर घ्या. पहिल्याच आठवड्यात सलग वीस मिनिटं पळा असं लिहिलं असेल तर ते पुस्तक खाली ठेवा, वर्षभराने परत बघा.

या कसोटीला उतरणारं म्हणजे जेफ गॅलोवे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेला माणूस, आणि आयुष्यभर लोकांना सांगत आला की मधे चाला. दमल्यावर नव्हे, दमायच्या आधीच चाला, थोडं पळा थोडं चाला, ठरवून. 'गॅलोवेज बुक ऑन रनिंग' पहिल्यांदा १९८४ साली आलं, पुढे आवृत्त्या निघाल्या, नवी बघून घ्या. माझं मत विचाराल तर पहिलं पुस्तक हे.

रात्रपाळी | २९ मे, सकाळी ९:३०

काका पटलं. मी खरं तर एक महिन्यात बंद केलं होतं पळणं, आत्ता तुमचं वाचून कळलं का ते. पहिल्याच दिवशी पाच किमी मारलं होतं.

फिजिओ_मिरज | २९ मे, दुपारी २:२०

तळजाई काकांच्या 'बोटाएवढ्या जागेत' या शब्दांवर सगळ्यांनी खूण करा. नडगीच्या कडेने लांबवर पसरलेलं दुखणं नवख्यांमध्ये खूप दिसतं, आराम आणि हळू वाढवण्याने बहुतेक वेळा जातं. एकाच बिंदूवर, दाबल्यावर कळ, रात्री पण ठसठस, असं असेल तर पळणं त्या दिवशीच थांबवून दाखवायचं. मी पुस्तक चाळताना हेच बघते की दमणं आणि दुखणं यातला फरक लेखकाने समजावलाय का. पोटऱ्या आणि मांडीच्या स्नायूंचे साधे व्यायाम दिलेत का. आणि वेग कसा ठरवायला सांगितलाय. नवख्या माणसासाठी सगळ्यात चांगली पट्टी म्हणजे बोलता येतंय का ते, पळता पळता शेजारच्याला एक पूर्ण वाक्य सांगता आलं पाहिजे. वाक्याच्या मधे श्वास तुटला तर वेग जास्त आहे.

नाडीचे ठोके मोजणाऱ्या पुस्तकांबद्दल एक सांगते. २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे त्या आकड्यावर सगळी इमारत उभी करणारं पुस्तक सुरुवातीला नको.

दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका हा नियम जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडेल. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला ५३२ नवख्या लोकांवर हे करून पाहिलं होतं, २००८ साली छापून आलं. एका गटाला १३ आठवड्यांत हळूहळू दहा टक्क्यांच्या बेताने वाढवलं, दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम. दुखापती दोन्हीकडे सारख्याच, साधारण दर पाचातला एक. म्हणून नियम टाकून द्या असं मी म्हणत नाही, पण फक्त तो पाळला म्हणजे पायाला काही होणार नाही असं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. स्वतःच्या पायाकडे रोज लक्ष हवं.

गोदाकाठताई, डॉक्टरांनी पळायला हो म्हटलंय ते चांगलं झालं, तरी एकदा ईसीजी आणि बीपीबद्दल स्पष्ट विचारून घ्या, घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर तेही आपणहून सांगा.

सदाशिव_पेठ | २९ मे, संध्याकाळी ६:१०

फिजिओताईंच्या शेवटच्या मुद्द्यावरून जिम फिक्स आठवला. 'द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग', १९७७. अमेरिकेत लोक घोळक्याने रस्त्यावर पळायला लागले त्यात या पुस्तकाचा मोठा हात. माझ्याकडे जुन्या बाजारातून घेतलेली लाल कव्हरची प्रत आहे. हा माणूस पस्तिशीत लठ्ठ होता, दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं ओढायचा, पळायला लागला, सिगारेट सुटली, वजन उतरलं. आणि १९८४ साली, ५२ व्या वर्षी, व्हरमाँटमध्ये पळायला गेलेला असताना हार्ट अटॅकने गेला. अनेक वर्षं लोक हे उदाहरण देऊन सांगायचे बघा पळून काय होतं. खरं असं की त्याच्या वडलांना ३५ व्या वर्षी पहिला झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते. रक्तवाहिन्या आधीपासून तुंबत आल्या होत्या. पळण्याने त्याला वडलांपेक्षा नऊ वर्षं जास्त मिळाली असंही अनेकजण म्हणतात, ते सिद्ध करता येणार नाही, पण घरचा इतिहास असताना तपासणी टाळू नये हे मात्र त्यातून नक्की कळतं. वडील गेले त्याच वयाच्या तुम्ही आहात म्हणून मुद्दाम लिहिलं, घाबरवायला नाही.

गोदाकाठ | २९ मे, रात्री ९:१५

सदाशिव पेठ, बरं केलंत लिहिलंत. माझ्या मामाला पन्नाशीत बायपास झालीये, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, त्यांनी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. शनिवारी जाते.

घोडबंदर | ३० मे, सकाळी ७:०५

गोदाकाठ, मी तुझ्याच वयाची, ठाण्यात, उपवनला पळते, अगं म्हटलं तर चालेल ना?

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बरीच जुनी पुस्तकं पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलीयेत, शेवटी बायकांवर एक प्रकरण, तेही गरोदरपणावर. पाळीच्या आठवड्यात काय करायचं, चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटाइतकीच महत्त्वाची आहे, हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही नियमाने पळालं तरी धाप लागणारच, हे मला कुठल्याच पुस्तकाने पहिल्या शंभर पानांत सांगितलं नाही. माझं हिमोग्लोबिन ९.२ निघालं होतं, मी सहा महिने स्वतःला आळशी समजत होते. तुझ्या शुगरच्या रिपोर्टबरोबर ते पण बघ.

आणि मन खचेल त्या दिवसासाठी कॅथरीन स्वित्झरचं 'मॅरेथॉन वुमन' घे. १९६७ साली तिने के. व्ही. स्वित्झर असं नाव घालून बॉस्टन मॅरेथॉनला २६१ नंबर मिळवला आणि धावत असताना स्पर्धेचा एक अधिकारी तिच्या छातीवरचा नंबर ओढून काढायला अंगावर धावून आला होता. बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ ला आली, म्हणजे तू आणि मी जन्मलो त्याच सुमाराला. मला हे वाचल्यावर पहाटे बाहेर पडताना लोक बघतात त्याचं ओझं एकदम कमी झालं.

रंकाळा | ३० मे, सकाळी ११:४०

बॉर्न टू रनबद्दल थोडं. ते वाचून अनवाणी पळायची लाट आली होती, माझ्या ओळखीचा एक पोरगा बूट काढून थेट डांबरी रस्त्यावर सहा किलोमीटर पळाला, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, टाचेच्या वरची शीर तीन महिने धरून होती. तारहुमारा लोक अगदी अनवाणी पण नसतात, जुन्या टायरचा तुकडा कापून त्याला चामड्याची वादी बांधलेली चप्पल घालतात. आमच्या आजोबांच्या पायात टायरचीच चप्पल असायची, गावातला कारागीर करून द्यायचा, नखं घिसली तरी चप्पल घिसत नसे, त्यामुळे ते पान वाचताना मला एकदम घरचं वाटलं. पण आजोबा लहानपणापासून तसे चालले. आपण चाळीस वर्षं बूट-सँडल घालून, खुर्चीत बसून, एका सकाळी पायाला सांगायचं की तू आता तारहुमारा आहेस, तो कसा ऐकेल? १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला हे खरंच आहे, आणि चार वर्षांनी टोकियोत तोच बूट घालून परत जिंकला हेही खरं आहे.

बाकी ताई तुम्ही नाशिकच्या, तुमच्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ.

एडिसनकर | ३१ मे, पहाटे ४:५० (इथे संध्याकाळ)

न्यू जर्सीतून. इथल्या पब्लिक लायब्ररीत धावण्यावर एक अख्खा कप्पा आहे, मी त्यातली बरीच वाचली, आणि दर डिसेंबरात पुण्याला आले की तीच पुस्तकं तिथे कशी वेगळी लागतात ते बघते. ही सगळी मैलांत आहेत. सुरुवातीला ते फार घोटाळ्याचं होतं. १ मैल म्हणजे १.६ किमी. पुस्तकात १० मिनिटांचा वेग लिहिला असेल तर तो मैलाला आहे, किलोमीटरला साधारण सव्वासहा मिनिटं होतात. कुणी तक्त्यातला आकडा तसाच घड्याळात घालून पळायला गेलं तर पार गडबड होते. मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला स्वतःचा एक छोटा तक्ता चिकटवून टाका, १ ते १० मैल आणि त्याचे किमी.

दुसरं म्हणजे हवा. ही पुस्तकं जिथे लिहिली गेली तिथे लोक थंडीत काय घालावं यावर वीस पानं लिहितात. तुमच्याकडे मेमध्ये, किंवा मुंबईत जवळजवळ वर्षभर, तोच माणूस त्याच दमात हळू पळणार, कारण रक्त अंग थंड करायला पण लागतं आणि दमट हवेत घाम वाळत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून तक्त्यातली मिनिटं पाळा, अंतर आणि वेग सोडून द्या. ज्या पुस्तकात नवख्यांचा तक्ता मिनिटांत आहे ते आपल्याकडच्या लोकांना जास्त उपयोगी पडतं, हा माझा अनुभव.

पाण्याबद्दल जुनी पुस्तकं जपून वाचा. तहान लागायच्या आधीच प्या, जमेल तेवढं प्या, असं सर्रास लिहिलेलं असायचं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम नको इतकं कमी होतं, त्यात जास्त पाणी पिऊन पळताना वजन वाढलेले लोक ठळक होते. अर्ध्या तासाच्या पळण्याला हा प्रश्न येत नाही, तहानेप्रमाणे प्यायचं, पण पुस्तकाचं साल का बघायचं त्याचं हे उदाहरण.

तळजाई | ३१ मे, सकाळी ८:३०

एडिसनकर, शंभर टक्के अनुमोदन. सालाचा मुद्दा फार मोलाचा. टिम नोक्सचं 'लोर ऑफ रनिंग' म्हणजे नऊशेच्या वर पानं, एकेकाळी आम्ही त्याला पोथी म्हणायचो, आणि पुढे स्वतः नोक्सनेच सांगितलं की त्यातला आहारावरचा भाग फाडून टाका, माझं मत बदललंय.

फिजिओ_मिरज | ३१ मे, सकाळी १०:००

आणि त्याचं नवं मतही शुगर असलेल्यांनी पुस्तकातून थेट उचलू नये. आहार डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच. पळण्याच्या पुस्तकाकडून पळणं घ्या.

गोदाकाठ | १ जून, रात्री १०:३०

किती लिहिलंय सगळ्यांनी, वही घेऊन बसले होते. ईसीजी, बीपी ठीक. मामाचं सांगितल्यावर डॉक्टरांनी अजून एक तपासणी करून घेतली, ती पण नीट आली, मगच हो म्हणाले. हिमोग्लोबिन १०.८, गोळ्या सुरू.

गॅलोवे मागवलं. दुसऱ्यासाठी काकांची कसोटी लावली, दुकानात उभं राहून चार पुस्तकांचा पहिला आठवडा वाचला. दोन तिथेच ठेवली. एकात पहिल्या पानापासून टेम्पो, थ्रेशोल्ड, इंटरव्हल, मला एकही शब्द कळला नाही, 'डॅनियल्स रनिंग फॉर्म्युला' नाव होतं. दुकानदार म्हणाला सगळे हेच नेतात.

आता प्रश्न. मैत्रीण म्हणते काउच टू फाइव्ह-के कर, ते पुस्तक आहे की ॲप?

तळजाई | २ जून, सकाळी ८:१५

डॅनियल्स सोन्यासारखं पुस्तक आहे. लेखक स्वतः ऑलिंपिक पदकवाला, मॉडर्न पेंटॅथलॉनचा. कुठलंही धावणं कशासाठी करतोय हे आधी माहीत असलं पाहिजे हे मी त्याच्याकडून शिकलो. तुम्ही सलग अर्धा तास पळायला लागलात आणि वेग वाढवावासा वाटला की घ्या, तेव्हा एकेक शब्द कळेल.

काउच टू फाइव्ह-के, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत, हा मुळात तक्ता आहे. जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने १९९६ मध्ये केला, त्याच्या पन्नाशीतल्या आईलाही जमेल असा. ९ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, दर खेपेला अर्धा तास. पहिला आठवडा सांगतो, तुम्हीच कसोटी लावा. ५ मिनिटं भरभर चालायचं. मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. बस. एका पानावर मावतो तक्ता, त्याला पुस्तक लागत नाही. पण गॅलोवे सोबत असलं की का चालायचं, दुखलं तर काय, कंटाळा आला तर काय, याची उत्तरं मिळतात.

माझ्या बायकोसाठी मी हा तक्ता मराठीत उतरवला होता, इंग्रजी पुस्तक ती हातात धरायलाच तयार नव्हती. शंभरपानी वही, डाव्या पानावर त्या दिवशीचं काम, उजवं पान कोरं. पळायला आणि चालायला मी 'पळ' आणि 'चाल' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, पळचं लाल पेनाने. उजव्या पानावर तिने काय लिहायचं ते सांगितलं नव्हतं. तिने पहिल्या दिवशी लिहिलं 'पाय ठीक, लाज वाटली'. सातव्या दिवशी 'लाज नाही'. ती वही माझ्या कपाटात सगळ्या पुस्तकांच्या वर आहे.

हे चालत-पळत प्रकरण नवं नाही. ओरेगनचा कोच बिल बॉवरमन, पुढे ज्याने नाइकी काढण्यात भागीदारी केली तो, १९६२ च्या शेवटी न्यूझीलंडला तिथल्या नावाजलेल्या धावण्याच्या कोचकडे, आर्थर लिडियार्डकडे गेला. बॉवरमन म्हणजे ऑलिंपिकच्या पोरांना शिकवणारा माणूस, पन्नाशीचा. तिथल्या साध्या लोकांच्या गटाबरोबर पळायला गेला आणि मागं पडला. सत्तरी ओलांडलेले, हार्ट अटॅक येऊन गेलेले एक आजोबा त्याच्यासाठी हळू झाले आणि बोलत बोलत त्याला घेऊन गेले. घरी परत येऊन त्याने गावातल्या लोकांना जमवलं, आणि एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर १९६७ मध्ये 'जॉगिंग' नावाचं छोटं पुस्तक काढलं. तुमच्या ट्रॅकवरच्या साडीतल्या आजींबद्दल वाचलं तेव्हा मला तेच आठवलं.

घोडबंदर | २ जून, सकाळी ९:००

काका, त्या वहीचे फोटो टाका ना. माझ्या सासूबाईंना हवीये.

तळजाई | २ जून, सकाळी ९:४०

बायकोला विचारून डाव्या पानांचे टाकतो. उजवी तिची आहेत.

गोदाकाठ | २५ जुलै, दुपारी ४:००

धागा वर काढतेय. ८ जूनला सुरू केलं. पहिला आठवडा वाचून खरंच 'एवढंच?' वाटलं आणि पाचव्या साठ सेकंदाला वाटेना. शाळा सुरू झाल्यावर वेळ साडेपाचची केली. तिसरा आठवडा दोनदा केला, त्यात पहिल्यांदा तीन मिनिटं सलग आहेत आणि ती माझ्याच्याने होईनात, गॅलोवेमध्ये शोधलं तर उत्तर सापडलं, वेग कमी करा, अजून कमी करा. मग एवढं हळू पळाले की शेजारून चालणारे काका बरोबरीने येत होते, आणि झालं. चौथा पण दोनदा.

पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी आठ-आठ, आणि तिसऱ्या दिवशी एकदम वीस, मधे चालणं नाही. तक्त्यात चूक आहे असं समजून मी लेकीला परत तपासायला लावलं होतं. आज सकाळी भुरभुर पाऊस, ट्रॅकवर चिखल, माणसं कमी. फिजिओताईंचं वाक्य म्हणत होते, दर दोन मिनिटांनी एक पूर्ण वाक्य मोठ्याने, वर्गाची हजेरी घेतली मनातल्या मुलांची, सतराव्या नंबरपर्यंत गेले तर घड्याळ वाजलं. वीस मिनिटं. साडीतल्या आजी समोरून येत होत्या, थांबल्या, म्हणाल्या आज बसला नाहीत. त्यांना माझा मेमधला बाक लक्षात होता.

वहीत उजव्या पानावर लिहिलंय 'वीस. श्वास ठीक. डावा गुडघा थोडा, जिन्यावर'. फिजिओताई, गुडघ्याचं काय करू? वाटीच्या खाली, पळताना नाही, उतरताना. आणि बूट चिंब झालेत, परवा परत जायचंय.

रात्रपाळी | २५ जुलै, दुपारी ४:२०

ताई!!! मी पण जूनपासून तोच तक्ता धरलाय, चौथ्या आठवड्यात आहे. पाचव्याचा तिसरा दिवस वाचून आत्ताच टेन्शन आलंय.

फिजिओ_मिरज | २५ जुलै, संध्याकाळी ७:३०

खूप खूप छान वाटलं वाचून. गुडघा जिने उतरताना दुखणं नवख्यांना होतं, बऱ्याचदा मांडी आणि कुल्ह्याचे स्नायू मागे राहिलेले असतात. पुढचा आठवडा सहावा न घेता पाचव्याचाच पहिला आणि दुसरा दिवस करा. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणं-बसणं, दहाचे दोन संच, एक दिवसाआड. पायरीवर चढून तोच पाय सावकाश खाली आणणं, दुखणार नाही एवढ्याच उंचीवर. सूज आली, गुडघा अडकला किंवा पळतानाही दुखायला लागलं तर प्रत्यक्ष दाखवा, इथे विचारत बसू नका.

तळजाई | २५ जुलै, रात्री ८:१०

बुटातलं आतलं इनसोल काढून वेगळं ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी ओले बोळे काढून कोरडे घाला, रात्रभर पंख्याखाली. हीटरजवळ नको, गॅसजवळ तर नकोच, गोंद सुटतो. परवापर्यंत वाळतील.

बायकोने विचारलंय, आजींचं नाव काय?

गोदाकाठ | २५ जुलै, रात्री ८:४५

विचारलंच नाही हो काका. परवा विचारते.